केळ्यांवरची चिलटं

उन्हाळ्यात ओट्यावर पिकलेली केळी दोन दिवस जास्त राहिली, की कुठून कोण जाणे, चिलटं जमतात. गावाकडच्या घरी जमायची, तशी इथे न्यू जर्सीतही जमतात. कोकणातल्या आंबा बागायतदाराला छळणारी फळमाशी वेगळी. ही त्याहून लहान, दोन-अडीच मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. मूळची आफ्रिकेची, माणसाच्या पाठोपाठ जगभर गेलेली. म्हणजे तीही आपल्यासारखीच स्थलांतरित! या चिलटांनी माझी एक लाडकी समजूत मोडली, त्याची ही गोष्ट.

आमची कन्या हायस्कूलमध्ये असताना तिने शाळेच्या प्रयोगासाठी बाटल्यांमधून ही चिलटं वाढवली होती. काही बाटल्या नेहमीच्या तापमानात, तर काही रोज थोडा वेळ उष्णतेत. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला जेमतेम दहा दिवस लागतात, त्यामुळे काही महिन्यांत बऱ्याच पिढ्या बघायला मिळतात. शेवटी तिने आलेख काढला. पुढच्या पिढ्यांमध्ये उष्णतेत तगणाऱ्या माश्या जास्त दिसत होत्या. शाळेचाच प्रयोग तो, आकडे काही फार मोठे नव्हते. पण मला तेवढं पुरेसं होतं. मी म्हणालो, "बघ! चटके बसले की जीव घडतो. आम्ही दोन बॅगा घेऊन इथे आलो, ते असेच घडलो."

ती म्हणाली, "बाबा, यातली एकही माशी घडलेली नाही. ज्या आधीपासूनच थोड्या कणखर होत्या त्या उरल्या. बाकीच्या या वहीत आहेत." आणि तिने वही उघडून दाखवली. पानंच्या पानं उभ्या रेघा, पाच-पाचाचे गठ्ठे. मेलेल्या माश्यांची मोजणी!

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मग मी या विषयावर वाचायला लागलो.

एकट्या माशीला काहीच करता येत नाही, असं नाही. १९६२ साली फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेतल्या उबवणी पेटीचं तापमान कुणीतरी चुकून वाढवलं होतं, आणि माशीच्या अळीच्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आलेले त्याला दिसले. उष्णतेचा धक्का बसला की पेशी संरक्षक प्रथिनं बनवू लागते, त्याची ती खूण होती. अशीच प्रथिनं आपल्याही पेशींत असतात. पण हे संरक्षण तात्पुरतं आणि मर्यादित असतं.

पिढ्यान्‌पिढ्यांचं अनुकूलन ही निराळी गोष्ट. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात शास्त्रज्ञांनी उघड्यावरच्या जाळीच्या दहा पिंजऱ्यांत एकाच मूळ साठ्यातल्या माश्या सोडल्या आणि उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत त्यांची जनुकं तपासली. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दहाही पिंजऱ्यांत जनुकांचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलत गेलं, तेही काही आठवड्यांत, आणि बऱ्याचदा सारख्याच दिशेने. हवामान पालटलं की दिशाही पालटली. त्याच राज्यातल्या फळबागेवरच्या आधीच्या अभ्यासात दिसलं होतं, की वसंतात सापडणाऱ्या माश्या, म्हणजे हिवाळ्यातून वाचलेल्यांची प्रजा, अधिक चिवट असतात. तर शरदातल्या माश्या अंडी जास्त घालतात.

मग यातली 'चांगली' माशी कोणती? प्रश्नच चुकीचा आहे. जानेवारीत जी शहाणी ठरते, ती जुलैत मागे पडते. शिवाय प्रत्येक गुणाची किंमत मोजावी लागते. स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी शिकण्याची क्षमता जास्त असलेल्या माश्या निवडून निवडून वाढवल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की अन्न तुटपुंजं असलं तर या हुशार माश्यांच्या अळ्या स्पर्धेत मागे पडतात. (मुलांना शनिवार-रविवारी तीन-तीन क्लासला पिटाळणाऱ्या आपण पालकांनी हे ऐकून ठेवावं!)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००१ साली आम्ही दोघं मित्र एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. दोघंही एच-वन व्हिसावर, दोघंही प्रोग्रॅमर. मंदी आली आणि एकाच महिन्यात दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. आता अशा वेळी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तो नियम २०१७ पासूनचा. तेव्हा तेवढाही आधार नव्हता. माझ्या जुन्या मॅनेजरच्या ओळखीने मला आठवड्याभरात दुसरीकडे काम मिळालं. त्याची तशी ओळख कुठे नव्हती. त्याने जुनी गाडी मिळेल त्या भावात विकली आणि तो परत गेला. विमानतळावर त्याला मीच सोडलं. "फोन करतो रे," म्हणालो. केला नाही.

पुढे कुणी त्याच्याबद्दल विचारलं की मी म्हणत असे, "त्याला नाही जमलं इथे." किती सोपं वाक्य! त्यात माझं कौतुक आपोआप येतं. त्याला जमलं नाही, म्हणजे मला जमलं.

कुणी म्हणेल, माणूस म्हणजे काही चिलट नव्हे. तो शिकतो, कष्ट करतो. अगदी मान्य. मी कष्ट केलेच, रात्र रात्र जागलो. पण तोही तेवढाच जागला होता. एका हुशारीच्या, एका मेहनतीच्या दोन माणसांमध्ये जो फरक पडला, तो एका ओळखीचा होता. ती मी कमावली नव्हती.

आणि समजा, तो खरोखरच कमी पडला असता, तरी काय? निसर्ग चाळणी लावतो, हे वर्णन झालं. आपणही लावावी, असा आदेश त्यातून निघत नाही. निसर्गाला चाळणीतून खाली पडलेल्यांचं सुखदुःख नसतं. चिलटाला शेजारच्या चिलटाची बाटली उन्हातून सावलीत सरकवता येत नाही. आपल्याला येते. माझी बाटली एका मॅनेजरने सरकवली होती. मी माझ्या मित्राच्या बाटलीला हात लावायचा विचारही केला नाही.

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी यशाच्या कथा छापून येतात. जरूर याव्यात, मुलांना त्या हव्यात. पण तो आलेख झाला. दुसरी वहीही आपल्यापैकी प्रत्येकाकडे असते: परत गेलेले, एकटे पडलेले, मंडळात यायचे बंद झालेले. त्यांच्या नावापुढे 'जमलं नाही' लिहिण्याआधी निदान फोन तरी करावा.

मी तो केला, बऱ्याच वर्षांनी, एका दिवाळीला. तो आता कसा आहे, हे इथे मुद्दामच सांगत नाही. त्याचं उत्तम चाललं असेल म्हणून माझी चूक लहान होत नाही, आणि नसेल म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. त्याने आवाज लगेच ओळखला. म्हणाला, "काय रे, अजून पोह्यांत मीठ विसरतोस का?"

"विसरतो," म्हणालो. मग आम्ही तासभर बोललो.