थकलेल्या देहाचा हक्क

आपल्या वस्तीतला म्हातारा माणूस दुपारी आडवा झाला आणि तेवढ्यात दारात कोणी आले, तर तो धडपडत उठून बसतो. "जरा पाठ टेकली होती," असे सांगतो. सांगताना त्याचा चेहरा चोरी सापडल्यासारखा होतो. ही लाज कोठून आली, याचा विचार आपण केला पाहिजे.

वतनाचा महार हा चोवीस तासांचा नोकर होता. रात्री-अपरात्री हाक आली की त्याने उठावे, तो नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याने जावे, अशी ही चाकरी होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले, ते याच वेठीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. परंतु ज्याच्या देहावर गावाची मालकी होती, त्याला विसावा चोरूनच घ्यावा लागत होता, आणि ती चोरीची भावना वतनाबरोबर गेली नाही. ती हाडांत राहिली आहे.

म्हणून प्रश्न असा की, विसावा हा कमवावा लागतो काय? पुष्कळ लोक म्हणतील, जो राबतो त्याने विश्रांती घ्यावी. हे ऐकायला बरे वाटते. पण मग ज्याच्याने आता राबणे होत नाही त्याने काय करावे? आपल्या घरातल्या आज्यांनी याचे उत्तर आपल्यापुरते देऊन टाकले आहे. त्या पहाटे उठतात, पाणी भरतात, तांदूळ निवडतात, नातवाला कडेवर घेऊन फिरतात, आणि दोन घासांचा हिशेब चुकता करतात. कोणी मागितलेला नसतो तरी करतात.

मी शाळामास्तर आहे. शाळेत मधली सुट्टी होते तेव्हा आज कोणत्या मुलाने ती कमावली, असे आम्ही विचारीत नाही. ज्याची सगळी गणिते चुकली तोही बाहेर पळतो. विसावा ही मजुरी नव्हे, देहाची गरज आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. माणूस थकतो, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. मात्र ऊसतोड करणारा, बिगारी, घरोघरी भांडी घासणारी बाई, यांचे तास कोण मोजतो? आणि त्यांना निवृत्तीचे वय कोणते?

तथागतांच्या म्हातारपणाबद्दल पाली ग्रंथांनी काहीही झाकून ठेवलेले नाही. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर त्यांनी आनंदाला सांगितले की माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग. संघाटीची चौपदरी घडी करून ते उजव्या कुशीवर पहुडले. पावा येथे हेच काम सारिपुत्ताने केले. श्रावस्तीच्या पूर्वारामात ते संध्याकाळी मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसत, आणि अंग चोळताना आनंदाला त्यांच्या त्वचेवरच्या सुरकुत्या दिसल्या. ऐंशीव्या वर्षी ते म्हणाले की हा देह जुन्या गाड्यासारखा वाद्या बांधून कसाबसा चालतो आहे. यात कोठे लाज आहे काय? सभा थांबली नाही, उपदेश थांबला नाही. फक्त तो दुसऱ्याने पुढे नेला.

पण त्याच वयात राजगृहापासून कुसिनारेपर्यंतची वाट ते चालले, हेही विसरता कामा नये. येरझारा घालण्याचे, म्हणजे चंक्रमणाचे, पाच लाभ त्यांनी भिक्खूंना सांगितले होते. त्यांत निरोगी राहणे आणि अन्न पचणे हेही आहेत. उलट सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत येरझारा घातल्या, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही.

सैल सोडण्याचा प्रकार हल्ली आपल्या सुशिक्षित घरांत वाढला आहे. मुलगा नोकरीला लागतो आणि वडिलांना म्हणतो, "आता तुम्ही काही करायचे नाही." हेतू प्रेमाचा आहे. पण खाटेवर बसवलेल्या म्हाताऱ्याच्या मांड्या लवकर उतरतात, तोल जाऊ लागतो, आणि एक दिवस तो मोरीत पडतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांनाही आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करायला सांगते. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम. याला पैसा लागत नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावे. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश काही वेळा उठबस करावी. भिंत धरून एका पायावर उभे राहावे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल त्याने आधी डॉक्टरला विचारावे.

दुपारी अर्ध्या तासापर्यंत पडावे, दिवेलागणीपर्यंत नव्हे, नाहीतर रात्रीची झोप मोडते. जेवणात डाळ, अंडे, मासळी असावी. चहात बुडवलेल्या पावावर म्हातारे शरीर भरून येत नाही. संध्याकाळी वंदना झाल्यावर लगेच उठू नये, दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसावे.

मिसरीने थकवा जातो असे आपल्या बायकांना वाटते. तो जात नाही, तंबाखूची तलफ तेवढी भागते, आणि तोंडाच्या रोगाला वाट मिळते. "अंग दुखते म्हणून घोटभर घेतो," असे म्हणणाऱ्यांविषयी मी येथे लिहीत नाही. पाचवे शील त्यांनी स्वतःच्या तोंडाने घेतले आहे.

आणखी एक. गुडघे धरले की शेजारीण सांगते, मागल्या जन्मीचे भोग आहेत. सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हेच विचारले होते. त्यांनी उत्तर दिले की वेदना पित्ताने होतात, कफाने होतात, ऋतू बदलल्याने होतात, देहाची नीट काळजी न घेतल्यानेही होतात. सगळे दुःख पूर्वकर्माच्या माथी मारणाऱ्यांचे म्हणणे त्यांनी खोटे ठरवले. तेव्हा गुडघ्यासाठी नवस नको, दवाखाना हवा.

राहता राहिला आनंदाचा प्रश्न. पाठ दुखते असे तथागतांना म्हणता आले, कारण पुढचे काम उचलणारा जवळ बसला होता. आपल्या किती घरांत तो बसलेला आहे? पुष्कळ वस्त्यांत नळाला पाणी पहाटे येते. विशीतला नातू झोपलेला असतो आणि सत्तरीची आजी हंडा लावते. येत्या पौर्णिमेला घरातल्या सर्वांनी बसून पाण्याची पाळी ठरवावी आणि कागदावर लिहून भिंतीला लावावी. भरलेल्या हंड्यापुढे नातवाचे नाव असावे. आजीला अगदीच करमत नसेल, तर तिचे नाव रिकामी कळशी विसळण्यापुढे घालावे.