दुसऱ्याच्या कृत्याचे ओझे

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एखाद्या खेळाडूने इस्रायली प्रतिस्पर्ध्याशी लढण्यास वा हस्तांदोलन करण्यास नकार दिला, की एक पक्ष त्याला पॅलेस्टिनी जनतेवरील अन्यायाचा निषेध म्हणतो, तर दुसऱ्याला त्यात ज्यूद्वेष, म्हणजे माणसाचा केवळ तो ज्यू आहे म्हणून केलेला तिरस्कार, दिसतो. हा वाद राजकारणाचा मानला जात असला, तरी एकाच्या कृत्याचे दायित्व दुसऱ्यावर कधी व किती टाकता येते, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तचा ज्युदोपटू इस्लाम अल-शहाबी इस्रायलच्या ऑर सासोनकडून हरला, तेव्हा सासोनने पुढे केलेला हात न घेता तो मागे सरला आणि पंचांनी परत बोलावल्यावर ओझरती मान लववून, प्रेक्षकांची हुर्यो झेलत बाहेर पडला. ज्युदोमध्ये हस्तांदोलन सक्तीचे नाही, लवून केलेले अभिवादन सक्तीचे आहे. तरीही ऑलिंपिक समितीने त्याला समज दिली. मात्र लढतीत उतरूच नये, असा मायदेशातून दबाव असतानाही तो उतरला होता, ही गोष्ट त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांनी फारशी लक्षात घेतली नाही.

अशा नकाराला पुष्कळदा धर्माचा आधार दिला जातो. पण धर्मग्रंथ या बाबतीत वाटतात तितके अनुकूल नाहीत. एकाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे तत्त्व कुराणात एकाहून अधिक ठिकाणी आले आहे. हिब्रू बायबलमध्ये पूर्वजांच्या पापाचा जाब पुढील पिढ्यांना द्यावा लागण्याची भाषा आहे खरी, परंतु त्याच ग्रंथसंग्रहातील यहेज्केल या संदेष्ट्याने ती कल्पना नाकारून, जो पाप करील त्यानेच त्याचे फळ भोगावे, असे ठामपणे मांडले. कर्मसिद्धान्ताशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण आंतरराष्ट्रीय खेळाडू केवळ व्यक्ती म्हणून मैदानात येत नाही. त्याच्या छातीवर राष्ट्रचिन्ह असते आणि विजयानंतर त्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत अध्यापन गमवावे लागलेले जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली केलेला भेद येथे उपयोगी पडतो. राज्याच्या कृत्यांचे राजकीय दायित्व सर्व नागरिकांवर येते, परंतु नैतिक अपराध ज्याचा त्याचाच असतो आणि संपूर्ण लोकसमूहाला नैतिक आरोपी ठरवता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. राष्ट्रीय संघावरील बहिष्कार राजकीय दायित्वाच्या कक्षेत बसू शकतो. १९७४ साली डेव्हिस चषकाची अंतिम लढत भारताने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी न खेळता सोडून दिली, ते याच अर्थाने समर्थनीय होते. समोरच्या माणसाचा हात झिडकारणे मात्र त्याला व्यक्तिशः अपराधी ठरवल्यासारखे आहे, आणि त्यासाठी त्याच्या स्वतःच्या कृत्याचा पुरावा हवा.

ज्यूंच्या मनातील संशयाला इतिहास आहे. इस्रायल हे राज्य अस्तित्वात येण्याच्या बारा वर्षे आधी, १९३६ साली, उंच उडीतील राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी करूनही ग्रेटेल बर्गमान या ज्यू खेळाडूला जर्मनीने बर्लिन ऑलिंपिकच्या संघातून वगळले. तिथे निषेध करण्याजोगे कोणतेही ज्यू राज्य नव्हते, केवळ तिचा जन्म होता. ज्यू समाज आणि इस्रायलचे सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणातील बेने इस्रायल ज्यूंना शतकानुशतके शेजारी म्हणून ओळखणाऱ्या महाराष्ट्राला तरी समजावून सांगावे लागू नये.

नकार सदसद्विवेकातून आला, असे म्हणताना विवेक कोणाचा, हेही पाहावे लागते. इराणचा विश्वविजेता ज्युदोपटू सईद मोल्लाई याच्यावर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत इस्रायलच्या सागी मुकीशी गाठ पडू नये म्हणून माघार घेण्याचा दबाव स्वतःच्याच अधिकाऱ्यांकडून आला. तो जर्मनीत आश्रयाला गेला आणि पुढे मंगोलियाकडून खेळून टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेता ठरला. हुकमाने घडवलेल्या त्यागाला सत्याग्रहाची प्रतिष्ठा देता येत नाही.

उलट, ज्यूद्वेषाचा आरोप उत्तर टाळण्यासाठीही वापरला जाऊ शकतो. युक्रेनच्या व्याप्त प्रदेशांतील क्रीडासंस्था आपल्यात सामील केल्याबद्दल रशियाची ऑलिंपिक समिती २०२३ साली निलंबित झाली; मात्र व्याप्त पश्चिम किनाऱ्यावरील (वेस्ट बँक) इस्रायली वसाहतींतील सहा क्लब इस्रायली फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत खेळतात, या पॅलेस्टिनी तक्रारीवर हस्तक्षेप करण्यास फिफाने २०१७ साली नकार दिला होता. ही तक्रार कोणाच्या जन्माविषयी नसून एका संस्थेच्या कृत्याविषयी आहे, आणि तिचा निवाडा नियम व पुरावा यांवरच व्हायला हवा.