चिनी वैद्यकातील उन्हाळा आणि देशकालाचा प्रश्न

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘ह्वांगदी नेइचिंग’ हा बराचसा पीत सम्राट आणि त्याचा वैद्य छीबो यांच्या संवादाच्या रूपात असून त्याचे संकलन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या ‘सुवेन’ या भागातील दुसऱ्या अध्यायात चारही ऋतूंची चर्या येते, आणि उन्हाळ्याविषयीचा त्यातील उपदेश वैशाखवणव्याची सवय असलेल्या वाचकाला बुचकळ्यात टाकतो. या तीन महिन्यांत आकाश आणि पृथ्वी यांच्या ‘छी’चा, म्हणजे विश्वात व शरीरात एकाच नियमाने संचार करणाऱ्या प्राणशक्तीचा, संगम होतो आणि वनस्पती बहरून फळू लागतात, म्हणून माणसाने रात्री उशिरा निजावे, सकाळी लवकर उठावे, उन्हाचा कंटाळा करू नये, मनात राग धरू नये आणि आतली छी मोकळेपणाने बाहेर पडू द्यावी, असे तेथे सांगितले आहे. जो हे पाळत नाही त्याचे हृदय क्षीण होते आणि शरद ऋतूत त्याला हिवतापासारखे ज्वर येतात.

निद्रा, ऊन आणि क्रोध यांना एकाच पथ्यात गोवण्यामागे एक ठाम तत्त्वज्ञान आहे. पंचतत्त्वांच्या चिनी मांडणीत उन्हाळा अग्नीचा, अग्नी हृदयाचा, आणि हृदय हे ‘शन’चे, म्हणजे चित्ताचे, निवासस्थान, त्यामुळे भर उन्हाळ्यात संताप करणे हा स्वभावदोष असतोच, शिवाय तो कुपथ्यही ठरतो. सदाचार आणि आरोग्य यांच्यात येथे सीमारेषा आखलेली नाही. माणसाने ऋतूचे ऐकावे ते कोणा देवतेची आज्ञा म्हणून नव्हे. ज्या द्रव्याचा ऋतू बनला आहे त्याच द्रव्याचा माणूसही बनला आहे, एवढेच कारण या विचाराला पुरेसे वाटते.

याच अध्यायातील एका सूत्रावर मात्र भाष्यकारांत मोठा मतभेद झाला. वसंतात व उन्हाळ्यात ‘यांग’चे, म्हणजे उष्ण, प्रकट आणि बहिर्मुख अशा तत्त्वाचे, पोषण करावे, असे सूत्र सांगते, पण आधीच तापलेल्या ऋतूत उष्णतेचे पोषण कशासाठी? इ. स. ७६२ मध्ये ‘सुवेन’ची संपादित प्रत सिद्ध करणाऱ्या वांग बिंग याने याचा अर्थ उन्हाळ्यात शीत आहार घेऊन यांग आवरावे असा लावला. ‘लेइचिंग’ (१६२४) या ग्रंथाचा कर्ता जांग ज्येबिन याला हे पटले नाही. उन्हाळ्यात वाऱ्याच्या गारव्याने आणि कच्च्या, थंड खाण्याने लोक आपले यांग दुखावतात आणि त्याची फळे पुढच्या ऋतूत भोगतात, असे त्याचे म्हणणे. पाठोपाठच्या भाष्यकारांनी याला जोड दिली की उन्हाळ्यात यांग त्वचेकडे धाव घेते आणि आत पोटाशी पोकळी राहते. हा दुसरा पक्ष अधिक सूक्ष्म वाटतो, कारण तो बाहेरचा ताप आणि आतला अग्नी यांत भेद करतो. उन्हाळ्यात भूक का मंदावते याचे काहीएक उत्तर त्यातून मिळते.

ॲक्युपंक्चरची, म्हणजे शरीरातील ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याची, ऋतुचर्या याच कल्पनेवर उभी आहे. ‘नानचिंग’ या जुन्या ग्रंथाच्या सत्तराव्या प्रश्नात उन्हाळ्यात सुई उथळ आणि हिवाळ्यात खोल टोचावी असे सांगितले आहे, कारण छी कधी पृष्ठभागाशी तर कधी तळाशी असते. उन्हाळी अयनानंतरच्या तिसऱ्या ‘गंग’ दिवशी, म्हणजे दहा दिवसांच्या जुन्या चक्रातील सातव्या दिवशी, ‘सानफू’ हा सर्वाधिक उकाड्याचा काळ सुरू होतो आणि तो तीस किंवा चाळीस दिवस चालतो. जांग लू याने १६९५ च्या आपल्या ग्रंथात या काळात दम्यासाठी करावयाचा लेप नोंदवला आहे: पांढरी मोहरी आणि इतर वनस्पतींची पूड थोड्या कस्तुरीसह आल्याच्या रसात कालवून ती पाठीवरील फुप्फुसाच्या बिंदूंवर दर दहा दिवसांनी, अशी तीनदा लावावी. हिवाळ्यातल्या रोगावर उन्हाळ्यात उपचार करण्याची ही रीत चीनमधील रुग्णालयांत आजही चालते. मोहरीने कातडी लाल होते, फोडही येतात, आणि मूळ कृतीतील काही वनस्पती विषारी आहेत. घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग नव्हे.

आता मूळ अडचणीकडे वळता येईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ग्रीष्म हा आदानकालाचा, म्हणजे सूर्य जगाचा रस शोषून घेतो त्या काळाचा, शेवट मानला आहे. तेथे मधुर, शीत, द्रव आहार, दुपारची झोप आणि व्यायामाचा त्याग सांगितला आहे. एका परंपरेत उन्हाळा भरभराटीचा, तर दुसरीत ऱ्हासाचा. आणि दोन्हींची भाषा मात्र विश्वनियमाची! विरोधाचे कारण पावसात सापडते. पीत नदीच्या मैदानात वर्षाचा बहुतेक पाऊस उन्हाळ्यातच पडतो, म्हणून तेथे ऊन आणि हिरवाई एकत्र येतात. भारतात ग्रीष्म पावसाच्या आधी संपतो आणि भूमी करपलेली असते. ‘सुवेन’लाही स्थानभेद अनोळखी नव्हता: त्याच्या बाराव्या अध्यायात दगडी सुया पूर्वेकडून, औषधे पश्चिमेकडून, डागण्याचा उपचार उत्तरेकडून आणि बारीक सुया उष्ण-दमट दक्षिणेकडून आल्या, असे म्हटले आहे. उपचारांना देश आहे हे ज्या ग्रंथाने मानले, त्याने ऋतुचर्येलाही देश आहे असे स्पष्टपणे म्हटले नाही, ही त्यातील उणीव मानावी लागेल.

तेव्हा विदर्भातल्या वाचकाने रागावर ताबा, बर्फगार खाण्याचा संयम आणि सकाळी लवकर उठणे एवढे या चर्येतून खुशाल उचलावे, परंतु उन्हाचा कंटाळा न करण्याचा उपदेश मे महिन्यात बाजूला ठेवावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात होय. तेथे सुई किंवा काढा यांची वाट न पाहता अंग पाण्याने भिजवून, वारा घालून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.