वीज नेमकी कोणासाठी?

मोठ्या आतड्यातला पाच-सात मिलिमीटरचा पॉलिप मी काढतो, तेव्हा त्या कामाची खरी तपासणी कोणीच करत नाही. पडद्यावर पॉलिप दिसतो, त्याच्याभोवती तारेचा फास पडतो, तो आवळला की पॉलिप सुटून येतो. सिस्टर आणि टेक्निशियन दोघंही हे पाहत असतात. पण कडेला थोडा भाग राहिला का, हे त्यांना दिसत नाही, आणि खूपदा मलाही दिसत नाही. पेशंट तर गुंगीतच असतो. काही राहिलंच असेल तर ते कळायला वर्षं जातात, आणि तोवर तो पेशंट दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमधली उणीव बहुधा आठवड्याभरात ताप घेऊन किंवा टाका उसवून समोर उभी राहते. इथे तसं होत नाही. म्हणून लहान पॉलिप कशाने काढायचा, हा प्रश्न मी आधी स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारतो.

पॉलिप काढायचा कशासाठी, हे आधी सांगायला हवं. आतड्याचा बहुतेक कॅन्सर ॲडिनोमा जातीच्या पॉलिपमधून, अनेक वर्षांच्या वाटचालीने तयार होतो. पॉलिप काढला की ती वाट तिथेच तुटते. अमेरिकेतल्या विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिलं, की पॉलिप काढलेल्या लोकांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होतं. माझ्या रोजच्या कामाचा सगळा आधार हा आहे. पण पॉलिप पुरता निघाला असेल, तरच हा आधार टिकतो.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात वुल्फ आणि शिन्या या दोघांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून, त्यात वीज सोडून पॉलिप काढायला सुरुवात केली. तोवर मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे. देठ असलेल्या मोठ्या पॉलिपच्या देठात जाड रक्तवाहिनी असते; ती बंद करायला वीज हवीच, आणि आजही अशा पॉलिपसाठी मी वीजच वापरतो. पुढे तीच वीज सवयीने सपाट, बुटक्या, चार-आठ मिलिमीटरच्या पॉलिपलाही लागू झाली. विजेशिवाय, नुसत्या तारेने असे लहान पॉलिप कापता येतात, हे १९९२ साली छापून आलं होतं. तरी ते सगळीकडे रुळायला पुढची पंचवीसेक वर्षं लागली. एवढा वेळ का लागला, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा स्वतःच्या मनात जास्त चांगलं सापडतं.

पायाखालचं पेडल दाबलं की फासाभोवतीचा भाग पांढरा पडतो, जरासा धूर येतो आणि जागा कोरडी होते. रक्ताचा थेंब नाही. पाहणाऱ्याला वाटतं, काम चोख झालं. विजेशिवाय कापलं तर त्याच जागी लालभडक, उघडी जखम दिसते आणि कडेने रक्त झिरपायला लागतं. नवख्या टेक्निशियनचा चेहरा उतरतो. तेव्हा थांबायचं असतं. पाण्याचा झोत त्या जागी सोडला की जखम फुगते, कडा स्पष्ट होतात, आणि बहुतेक वेळा थोड्याच वेळात झिरपणं आपोआप थांबतं. तो थोडा वेळ डॉक्टरला फार लांब वाटतो. पडद्यावरचं रक्त मोठं दिसतं, आणि ते आपल्यामुळे आलेलं असतं.

पण विजेची भाजणी वरच्या थरात थांबत नाही, खाली उतरते. तिथे धरलेली खपली काही दिवसांनी सुटते आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडते. असा उशिरा होणारा रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो. तोवर पेशंट घरी गेलेला असतो. समोर दिसणारं रक्त मी थांबवू शकतो. रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी सुरू झालेलं रक्त त्याच्या घरच्यांना सोसावं लागतं. जीप शोधा, रक्तगट शोधा, शहर गाठा. मग त्या लहानशा पॉलिपला मी लावत असलेली वीज नेमकी कोणासाठी? प्रामाणिक उत्तर एकच आहे: माझ्या डोळ्यांच्या समाधानासाठी.

याला आता भक्कम पुरावा आहे. तैवानमध्ये सहा केंद्रांवर ४,२७० लोकांत, ४ ते १० मिलिमीटरचे पॉलिप कोणाचे विजेने आणि कोणाचे विजेशिवाय काढायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं. २०२३ साली निष्कर्ष आले. उशिराचा रक्तस्राव विजेच्या गटात १.५ टक्के, बिनविजेच्या गटात ०.४ टक्के, गंभीर रक्तस्राव ०.४ विरुद्ध ०.०५ टक्के. वेळही बिनविजेच्या पद्धतीलाच कमी लागला. त्याआधी २०१४ साली जपानच्या होरिउची यांच्या गटाने वॉरफरिन घेणाऱ्या ७० पेशंटांत तुलना केली होती: विजेच्या गटात १४ टक्के लोकांना उशिरा रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. हृदयाची झडप बदललेल्या, रोज रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या माणसाचा चेहरा समोर आणला की हे आकडे फार जवळचे वाटतात.

विजेशिवाय पॉलिप पुरता निघतो का, ही शंका रास्त आहे. जपानच्याच २०१८ सालच्या अभ्यासात ४ ते ९ मिलिमीटरचे पॉलिप बिनविजेच्या तारेने ९८.२ टक्के वेळा पूर्ण निघाले, विजेने ९७.४ टक्के वेळा. म्हणजे हत्याराचा प्रश्न सुटला. मला जास्त छळतो तो हाताचा प्रश्न. २०१३ साली अमेरिकेत पोल यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली: डॉक्टरला पॉलिप पूर्ण निघाला असं वाटल्यावर त्याच जागेच्या कडेचे तुकडे घेऊन तपासले. ५ ते २० मिलिमीटरच्या पॉलिपांपैकी १०.१ टक्के अपुरे निघालेले होते. आणि डॉक्टराडॉक्टरांत हे प्रमाण ६.५ टक्क्यांपासून २२.७ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. सगळे अनुभवी, सगळ्यांना काम पूर्ण झाल्याची खात्री. या दोन टोकांमध्ये मी कुठे बसेन? माझ्या कडेचे तुकडे कोणी तपासलेले नाहीत. तेव्हा मी वाईट टोकाला आहे असं धरूनच प्रत्येक पॉलिपकडे जावं, हे मी ठरवलं आहे.

म्हणजे काय करायचं, हे ऐकायला सोपं आहे. दुर्बीण फिरवून पॉलिप घड्याळातल्या पाच-सहाच्या जागी आणायचा, कारण तार तिथूनच बाहेर येते. फासात पॉलिपबरोबर एक-दोन मिलिमीटर निरोगी अस्तर धरायचं. ओढून तंबू करायचा नाही, सावकाश आवळायचं. कापल्यावर जागा धुऊन पुन्हा पाहायचं. शोषून घेतलेला तुकडा सापळ्यात खरोखर आला का, हे बघायचं. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर चार पेशंट उपाशीपोटी बसलेले, आणि पॉलिप वळणाच्या मागे लपलेला, अशा वेळी यातली एकेक पायरी गाळावीशी वाटते. तो कोन साधायला आणखी एक मिनिट द्यायचं की नाही, इथे माझी परीक्षा असते.

फोर्सेप्सचा मोह त्याहून मोठा. चिमटा आधीच हातात असतो, त्याने दोन-तीन लचके तोडले की पॉलिप दिसेनासा होतो. पण पहिल्या लचक्यानंतर रक्ताने जागा झाकली जाते, आणि पुढचे लचके अंदाजाने पडतात. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा, एका घासात येणारा आणि फासात धरायला अवघड असा पॉलिप चिमट्याने काढायला हरकत नाही. युरोपची मार्गदर्शक तत्त्वंही तेवढीच मुभा देतात. सहा मिलिमीटरचा पॉलिप चिमट्याने काढणं म्हणजे शेतातली हरळी विळ्याने कापणं. आणि चिमट्यातून वीज सोडण्याची जुनी रीत तर मोडीतच काढायला हवी. तिच्यात पॉलिप उरतो, खालचं आतडं भाजतं, आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती करपलेला तुकडा जातो.

पैशांबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो विषय आम्ही आपसांतही टाळतो. लहान पॉलिप काढल्यावर जखमेवर सरसकट क्लिप लावण्याची गरज नसते. क्लिप मात्र बिलात दिसते. गुदाशयात सापडणारे बारीक, फिकट, निरुपद्रवी दिसणारे हायपरप्लास्टिक पॉलिप नीट न्याहाळून तसेच सोडले तरी चालतात. काढले तर रिपोर्ट भरगच्च दिसतो. अशा वेळी हात आवरण्याचे पैसे कोणी देत नाही. पेशंटच्या खिशातून जाणारा प्रत्येक रुपया त्याच्या आतड्यासाठी जातोय का, हे मला बिलावर सही होण्याआधी विचारावं लागतं.

गुंगी उतरल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, मुळासकट निघालं ना?” “हो काका, काळजी करू नका” हे उत्तर जिभेवरच असतं. मी म्हणालो, “काका, मला दिसलं तेवढं सगळं काढलंय, आणि कडेने थोडं जास्तच घेतलंय. तुकड्याचा रिपोर्ट आला की पुढची तपासणी केव्हा ते ठरवू. त्या तारखेला मात्र यायचं.” त्यांना ते पटलं. शंभर टक्क्यांची हमी त्यांना नकोच होती.

माझं मत स्पष्ट आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, देठ नसलेला, कॅन्सरची शंका नसलेला पॉलिप बिनविजेच्या तारेने, निरोगी कडेसकट काढावा. तुमची किंवा घरातल्या कोणाची कोलोनोस्कोपी असेल, तर रक्त पातळ करण्याची कुठलीही गोळी चालू असल्यास आधी सांगा. झाल्यावर विचारा: पॉलिप किती मोठा होता, कशाने काढला, पूर्ण निघाला असं वाटतं का, तुकडा तपासणीला गेला का, आणि पुन्हा केव्हा यायचं. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत रक्त पडलं तर वाट न पाहता फोन करा. हे विचारताना संकोच करू नका. उत्तर देणं आमचं काम आहे.