गिलावा आणि श्रद्धा

घर बांधणाऱ्या गृहस्थाची ज्या नैतिक प्रश्नांशी नकळत गाठ पडते, त्यांत माणसावर विश्वास किती आणि कसा ठेवावा हा प्रश्न बहुधा सर्वांत बिकट असतो; आणि गिलाव्याच्या कामात तो जितका उघडपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहतो. सुताराने चौकट तिरपी बसविली तर ते दार लावताच कळते. गिलाव्याचा दोष मात्र गिलावाच झाकतो. विटांचे सांधे खरवडले नसले, वाळूत माती असली किंवा भिंत न भिजविता तिच्यावर माल थापला असला, तरी रंधा फिरला की सारे गुळगुळीत दिसते. आणि पुढे एखाद्या पावसाळ्यानंतर ती भिंत बोटांनी ठोकून पाहता पोकळ वाजू लागते, तोवर ठेकेदार आपला हिशेब चुकता करून कधीच गेलेला असतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद केले आहेत. तेथील विवेचन यजनपूजनाच्या अनुषंगाने आलेले आहे हे खरे. परंतु मनुष्याचा स्वभाव देवघरात एक आणि ओसरीवर दुसरा असा सहसा नसतो, म्हणून तोच विभाग या व्यवहारास लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा. मेहुण्याने नाव सुचविले एवढ्याच आधारावर, ठेकेदाराने पूर्वी केलेली एकही भिंत न पाहता त्याच्या हाती निम्मी रक्कम उचल म्हणून ठेवणे, ही आळसातून आलेली तामस श्रद्धा होय. सर्वांत कमी दर सांगणाराच सर्वांत प्रामाणिक, असे मानणे ही लोभातून आलेली राजस श्रद्धा. आणि तिच्यात मालकाचाही अपराध असतो, कारण ज्या दरात सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरीही भागत नाही, त्या दराला घासाघीस करून आणलेला मनुष्य तूट मालातूनच भरून काढणार, हे उमजण्यास फार बुद्धी लागत नाही. अस्तेयाचे व्रत एकट्या ठेकेदारासाठी सांगितलेले नाही.

लेखी करार मागणे म्हणजे समोरच्याच्या सचोटीवर संशय घेणे, असा आक्षेप पुष्कळ सज्जन घेतात. आपल्या पूर्वजांना मात्र तसे वाटले नव्हते. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देणे आणि करार मोडणे ही दोन्ही येतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेच्या रक्षणाने होतो, आणि मजुराचे वेतन बुडविणाऱ्या धन्यासही तोच ग्रंथ दंड सांगतो. करार हा अशा रीतीने उभयतांना मोहापासून आवरणारा असतो.

म्हणून चौकशीनंतर ठेवलेल्या सात्त्विक श्रद्धेने काही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: दर मालासह की नुसत्या मजुरीचा, 100 चौरस फुटांच्या ब्रासमधून दारेखिडक्यांची वजावट कशी करावयाची, बाहेरचा गिलावा दोन थरांत की एकाच, त्याची जाडी किती आणि सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, काँक्रीटचा खांब आणि विटेची भिंत जेथे मिळतात तेथे भेग पडू नये म्हणून तारेची जाळी मारावयाची की नाही, आणि पाणी कोणी मारावयाचे. शेवटचे कलम क्षुल्लक वाटते, पण तंटे बहुधा त्यावरूनच होतात. सिमेंट घट्ट होते ते सुकल्याने नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते, ऊन उरलेले नेते, आणि निदान 7 दिवस जी भिंत ओली राहावयास हवी ती ‘पाणी तुम्ही मारणार होता’ या वादात दुसऱ्याच दिवशी वाळून जाते.

एवढे करूनही परांचीवर चढून प्रत्येक थापीवर नजर ठेवणे कोणास शक्य नाही. काही भाग ठेकेदाराच्या सदसद्विवेकावर सोडावाच लागतो, आणि तो निःशंकपणे सोडण्याचा अधिकार आधी चौकशी करणाऱ्यासच पोचतो. मात्र काम पाहून हप्ते देण्याची आणि अखेरचा हप्ता राखून ठेवण्याची अट ज्याने आपल्या हितासाठी लिहून घेतली, त्याने काम चोख उतरल्यावर नसती खुसपटे न काढता तो हप्ता ठरल्या दिवशी पुरा मोजून द्यावा.