हात आणि विचार

बोलताना हातवारे करणे हे असभ्यपणाचे लक्षण होय, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांत रूढ आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा तर शाळेच्या पहिल्याच दिवसांत मुलांच्या कानी पडते. शिस्तीस ती सोयीची असेल. परंतु तिने केवळ हातच बांधले जातात काय, याचा विचार व्हावयास हवा.

या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. विचार मनात आधी पूर्ण होतो, वाणी त्यास शब्द देते आणि हात मागाहून अलंकार चढवितो! हा क्रम खरा असता, तर पाहणारे कोणी नसताना हात स्वस्थ राहिले असते. परंतु जन्मांध माणसेही बोलताना हात हालवितात, आणि ऐकणारा अंध आहे हे ठाऊक असूनही हालवितात, असे आयव्हरसन व गोल्डिन-मेडो या विदुषींना १९९८ साली आढळून आले. ज्याने हातवारा कधी पाहिलाच नाही, त्याने तो अनुकरणाने उचलला असे कसे म्हणावे?

येथे एक भेद करावयास हवा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. तेथे बोट हे ठरीव चिन्ह असून ते शब्दाची जागा घेते. गवयाच्या हाताची गोष्ट निराळी. शाहू महाराजांच्या आश्रयास अल्लादियाखाँ जेथे राहिले, त्या कोल्हापुरातील रसिकांस हे सांगावयास नको. मींड घेताना गवयाचा हात स्वराचा आकार जणू चाचपीत असतो. अडखळत प्रमेय सांगणारा विद्यार्थी हवेत त्रिकोण काढतो, तोही हेच करीत असतो.

वक्त्यांचे घोटलेले हातवारे फसवे असतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. पण घोटलेले शब्दही तितकेच फसवे असतात. म्हणून आपण बोलणे सोडीत नाही.

खरा प्रश्न न्यायाचा आहे. मुलाचे शब्द चुकत असताना त्याचा हात मात्र योग्य रीत दाखवीत असतो, असे संशोधकांस वारंवार दिसले आहे. आणि असे मूल शिकविल्यास लवकर शिकते. जो शिक्षक केवळ शब्द ऐकून ‘चूक’ म्हणतो, तो त्या मुलाच्या अर्ध्या उत्तराकडे पाहतच नाही. वर्गात शांतता अवश्य असावी. तथापि प्रश्न विचारल्यावर तरी मुलाच्या हाताची घडी सोडवावी, आणि उत्तर कानांबरोबर डोळ्यांनीही ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.