धर्मगुरूंविना टिकलेली श्रद्धा



वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. चर्च पाडली गेली, पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. तेथील ख्रिस्तसभा संपली, असेच जगाला वाटले.

परंतु १८६५ साली उराकामीचे गावकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले व पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे फादर पेतिजाँ यांना विचारू लागले! २०० हून अधिक वर्षे प्रापंचिकांनीच गुप्तपणे बाप्तिस्मा दिला, घराघरांत प्रार्थना जपली.

आपल्याला चर्च आहे, मिस्सा आहे, धर्मगुरू आहेत. पण सायंकाळची रोझरी आपल्या घरात होते का? घरातली प्रार्थना थांबली, तर ख्रिस्तसभेला ओहोटी लावायला छळाची गरज उरत नाही. आज सर्वांनी मिळून रोझरी म्हणू या.